एक दार वगळून

फादरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, आणि सांगताना त्यांचं नाव पुढे केलं.

ही एवढीशी गोष्ट लिहायला बसलो की दरवेळी मी आधी पाऊस कसा होता ते लिहीत असे, मग भात कसं होतं ते, मग आईबद्दल. आणि त्या सगळ्याच्या आडोशाला माझी चूक अशी छान लपून जाई की वाचणाऱ्याला वाटावं, परिस्थितीच तशी होती. परिस्थिती तशी नव्हती. मी खोटं बोललो. सख्ख्या भावाशी बोललो, आणि त्यामुळे एक बाई वर्षानुवर्षं देवळाच्या बाहेर उभी राहिली. हे आधी लिहून टाकलं. आता पावसाबद्दल लिहायला हरकत नाही.

पाऊस सध्या परतीचा आहे. दुपारपर्यंत असं ऊन पडतं की अंगणातला दगड हाताला चटका देतो, आणि चहाच्या वेळेला डोंगरामागून ढग उठून बघता बघता खाडी काळीशार करून टाकतात. हळवं भात पिवळं झालंय, गरवं अजून हिरवं आहे. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात गेल्यात. त्यांचे पहिले बोंबील, मिळेल तेवढ्या उन्हात, बांबूंवर लटकू लागलेत. वारा फिरला की अख्ख्या गावाला तो वास. अलिबागहून मिनीडोअर रिक्षाने येणारे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला त्या वासाने कळतं, की माळेचा महिना आला.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. वस्ती ख्रिस्ती, धंदा शेतीचा आणि नारळ-सुपारीचा, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. ऑक्टोबरभर आमच्या आळीत काचेच्या पेटीतली मरियामातेची मूर्ती घरोघरी फिरते. दिवेलागणीला ज्या घरी मूर्ती असेल तिथे सगळे शेजारी जमतात, गुडघे टेकून जपमाळ म्हणतात, एखादं गीत होतं, मग मूर्ती पुढच्या घरी जाते आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिथेच राहते. माळ झाली की खोबऱ्याचे काप घातलेले उकडलेले चणे वाटतात. लहानपणी आम्ही दोघे भाऊ प्रार्थनेला डोळे मिटून बसायचो ते त्या चण्यांच्या वासावर मन एकाग्र करून.

मूर्ती कुणाकडून कुणाकडे जाणार, हे ठरवावं लागत नाही. शेजारच्या घरी जाते. खाडीकडच्या टोकाला सुरुवात, देवळाच्या पायऱ्यांशी शेवट. आणि एक रीत आहे: ज्याच्या घरी मूर्ती होती त्यानेच ती छातीशी धरून पुढच्या उंबऱ्यापर्यंत न्यायची. वाटेत दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. म्हणजे माझ्या घरातून निघालेली मूर्ती कुठे थांबली आणि कुठे थांबली नाही, याची जबाबदारी माझ्याशिवाय कुणावर ढकलता येत नाही.

माझ्या शेजारचं घर माझ्या धाकट्या भावाचं. मिंगेलचं.

मिंगेल वायरमन. नागावला पाहुण्यांसाठी घरं बांधली जाऊ लागली तेव्हा त्याला कामाची कमी राहिली नाही. तिथेच कुठेतरी त्याची सुरेखाशी ओळख झाली. सुरेखा थळची, मासळी विकणाऱ्या हिंदू घरातली. दोघांनी अलिबागला नोंदणी करून लग्न केलं आणि घरी येऊन सांगितलं. वडील तेव्हा हयात नव्हते. आई रडली. पदराने नाक पुसून झाल्यावर तिने विचारलं, "पोरीला मासळी साफ करता येते का?"

"आई, ती थळची हाय," मिंगेल म्हणाला.

"मग उभा काय राह्यलास? घेऊन ये."

झालं, आईचं एवढंच. माझं मात्र तसं झालं नाही. मी थोरला, अलिबागच्या कचेरीत नोकरीला, देवळात दुसऱ्या बाकावर बसणारा. माझं लग्न फादरांनी लावलं, बँड लावून, सगळ्या गावाला जेवण घालून. मिंगेलने हे सगळं ओलांडून जायचं आणि तरी आईने त्याच्या बायकोला जवळ बसवून डोक्याला तेल लावायचं, हे मला कुठेतरी लागलं. वडिलांच्या जागेत त्याने शेजारीच घर बांधलं, आणि आईचं ताट हळूहळू कुंपणापलीकडे सरकलं. माझी बायको लुसी मुंबईत वाढलेली, बोंबील हातात धरायला कचरणारी. तिला त्याचं काही वाटलं नाही, उलट ती म्हणायची, "बरंय, मलाही तिकडचीच कढी आवडते." मला वाटायचं. माणसाला कशाकशाचा मत्सर वाटू शकतो, याला काही धरबंध नाही. मला कढीचा वाटला.

त्याच वर्षी फादरांनी मला आळीचा मुख्य केलं. मुख्याचं काम म्हणजे फार काही नाही: माळेला लोक गोळा करायचे, कुणी आजारी असेल तर फादरांना कळवायचं, सणाला पताका लावून घ्यायच्या. पण मी ते फार मनावर घेतलं. शर्टाची वरची गुंडीही लावू लागलो.

मिंगेलचं नवं घर त्या पावसाळ्याआधीच उभं राहिलं होतं. सप्टेंबरात एकदा कुंपणाशी उभा राहून त्याने विचारलं, "दादा, यंदा आमच्याकडं पण येईल ना मूर्ती? सुरेखा विचारते. तिला काय काय तयारी लागते ते सांगशील का?"

"बघतो," मी म्हणालो. "फादरांना विचारतो."

मी विचारलं नाही. देवळात लग्न न झालेल्या घरी मूर्ती न्यायची नाही, असा काही नियम आहे का, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते नको होतं. मनात एकच घोकणं: लोक म्हणतील, मुख्य झाला आणि पहिली सूट घरच्यांना दिली. खरं सांगायचं तर लोकांपैकी कुणी तसं म्हणालं नव्हतं. लोक भातकापणीच्या विचारात होते.

ती संध्याकाळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. पाऊस नुकताच थांबलेला, सुपारीच्या झाडांवरून थेंब पडताहेत, बेडूक असे ओरडताहेत की गाण्याचा सूर धरता येईना. माझ्या घरची माळ संपली. मी पेटी उचलली. पुढे टॉर्च घेतलेलं कुणीतरी, मागे बायका, पोरं, आई. मिंगेलच्या फाटकाशी अंगण सारवलेलं होतं. सुरेखाने रांगोळी काढली होती. आपल्या माहेरच्या सवयीने कमळ, आणि कमळाच्या मधोमध क्रूस. डोक्यावर पदर, हातात दिवा, कडेवर रांगायच्या वयाची पोर. मिंगेलने धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. तो दोन्ही हात पुढे करून उभा होता, मूर्ती घ्यायला.

मी चालत राहिलो.

पुढे जाताना पाय जड झाले, वगैरे काही नाही. पाय सरळ चालले. गाणं चालू होतं, माझ्या मागची माणसं मी जाईन तिकडे आली, आणि आम्ही ॲग्नेसच्या दारात पोहोचलो. ॲग्नेस म्हणजे मिंगेलच्या पलीकडची शेजारीण, रेवदंड्याच्या बाजारात भाजी विकते, आणि आवाज असा की खाडीच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडची होडी थांबावी. त्या दिवशी मात्र ती हळू बोलली. "मिंगेलकडं न्हाय थांबलास?"

"त्यांचं नंतर," मी म्हणालो.

आत सगळे बसल्यावर लक्षात आलं, आई आमच्यात नाही. ती मिंगेलच्या फाटकापाशीच थांबली होती. त्या रात्री ती तिकडेच जेवली. दुसऱ्या दिवशी मला एवढंच म्हणाली, "भावाचं घर अंधारात दिसलं न्हाय व्हय रे तुला? दिवा तर लावला होता तिने."

आणि मिंगेल सकाळी नळाशी भेटला. बादली भरत होता. "दादा, काल काय झालं?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "फादरांनी नको म्हणून सांगितलं. देवळात लग्न नाही झालं ना तुमचं. माझा इलाज नव्हता रे."

मिंगेलने माझ्याकडे पाहिलं. बादली भरून वाहत होती. त्याने नळ बंद केला आणि म्हणाला, "बरं." तो भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. पण तो "बरं" म्हणाला आणि बादली उचलून घरात गेला.

महिनाअखेर मूर्ती देवळात परत गेली तेव्हा फादरांनी सहज विचारलं, "तुमच्या भावाचं घर राहिलं वाटतं?"

"त्यांची तशी इच्छा नव्हती, फादर."

एक खोटं इकडे, एक तिकडे. मधली वाट बंद. त्या दोघांनी आपसात याविषयी बोलू नये एवढीच काळजी घ्यायची होती, आणि ती मला घ्यावी लागली नाही. फादरांनी भिडेपोटी विचारलं नाही, मिंगेलने मानापायी. भल्या माणसांचा भिडस्तपणा हा खोटं बोलणाऱ्याचा मोठाच आधार असतो. वर्षभराने मी मुख्यपद सोडलं, नोकरीचं कारण सांगून. पण ॲग्नेसच्या घरी मूर्ती माझ्याच घरातून जात राहिली. मिंगेल पुन्हा हात पुढे करून उभा राहिला नाही. दिवेलागणीला तो दार लोटून घेई.

यानंतर आमच्यात अबोला झाला असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं काही झालं नाही, आणि तेच मला जास्त जड गेलं. ऋतू येत राहिले आणि दोन्ही घरांतून फिरत राहिले. नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाआधी वडिलांच्या कबरीवरचं गवत काढायला मी जाई, तर ते आधीच काढलेलं असे, क्रुसाला चुना दिलेला असे. मिंगेल आणि सुरेखा आदल्या दिवशी येऊन गेलेले. नाताळात सुरेखा लुसीबरोबर बसून करंज्यांना मुरड घाली, आणि तिची मुरड इतकी बारीक की लुसी स्वतःच्या करंज्या ताटात खाली दडवून तिच्या वर मांडे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की दोन्ही घरांची मिळून, मडक्यात शेंगा-अंडी भाजायची पोपटी लागे. भांबुर्डीचा पाला, मडकं, वर पेटवलेला पेंढा, आणि मिंगेल धुरात डोळे चोळत ओरडतोय, "दादा, मडकं फिरव, न्हायतर अंडी कच्ची राह्यली म्हणून वहिनी मलाच बोलंल!" मी मडकं फिरवायचो. हसायचो. आणि हसता हसता त्याच्या पांढऱ्या शर्टाची आठवण यायची.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही माडाच्या कोवळ्या पात्यांचे क्रूस विणून मिरवणुकीने देवळात जातो. क्रूस विणायला सुरेखा माझ्या आईकडून शिकली आणि आळीतल्या कुणाहीपेक्षा सुबक विणू लागली. तिने विणलेला क्रूस हातात घेऊन तिची पोर आत जाई. ती स्वतः देवळाच्या व्हरांड्यापर्यंत येई आणि खांबाशी उभी राही. उन्हात, घाम पुसत, आतलं गाणं ऐकत. मी तिला पाही आणि मनाशी म्हणे, लाजाळू आहे. किती सोयीचं असतं, नाही, दुसऱ्याच्या दुःखाला त्याचा स्वभाव म्हणणं.

परवाच्या रविवारी ती आत आली. कुठल्या बाकावर बसावं ते कळेना म्हणून दारात घुटमळली. लुसीने सरकून जागा केली आणि हाताने बाक थोपटला, घरच्या पाटावर बोलवावं तसा. पण ते नंतरचं. त्याच्या आधी आईचं जाणं सांगायला हवं.

आई गेल्या वर्षी श्रावणात गेली. शेवटचे काही महिने ती अंथरुणाला खिळून होती, आणि तिचं अंथरूण सुरेखाच्या घरात होतं. तिला भरवणं, फिरवणं, अंग पुसणं, सगळं सुरेखाने केलं. मी कचेरीतून येताना फळं घेऊन जाई आणि पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखा बसे. एकदा आई मला म्हणाली, "सुरेखाला विचार, तिला काय पायजे." मी म्हटलं, "विचारतो." तेही विचारलं नाही.

मिस्सेच्या, म्हणजे देवळातल्या अंत्यप्रार्थनेच्या दिवशी पाऊस थांबायचं नाव घेईना. शवपेटी घेऊन आम्ही आत गेलो. वेदीजवळ पेटी ठेवून मागे वळलो तर पहिल्या बाकावर मिंगेल नव्हता. मी दाराकडे पाहिलं. सुरेखा व्हरांड्यातसुद्धा नव्हती. व्हरांडा बाहेरगावच्या पाहुण्यांनी भरला होता. ती आवारातल्या आंब्याखाली उभी होती, एका छत्रीत, आणि तिच्याजवळ मिंगेल. आईच्या मिस्सेला सख्खा मुलगा बाहेर, पावसात, कारण त्याची बायको बाहेर. आणि त्याची बायको बाहेर, कारण तिला माहीत होतं की देवळाला ती नको आहे. हे तिला कुणी सांगितलं, ते तिच्याशिवाय त्या गर्दीत फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. त्यांतलं एक छत्री धरून उभं होतं आणि दुसऱ्याच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं.

तेव्हाच दारात जाऊन हाक मारायला हवी होती. चार पावलं होती. मी पुढे तोंड करून उभा राहिलो.

आता वाचकाला वाटेल, या माणसाला मनाची काही टोचणी होती की नाही. होती. मी दर वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत कुमसाराला, म्हणजे फादरांपाशी पापं सांगायला जात होतो. जाळीच्या या बाजूला गुडघे टेकायचे, पलीकडे फादरांचा कान. मी म्हणे, "भावाशी मन मोकळं नाही, फादर." शब्द नीट निवडलेले. खोटं नाही, पण खरंही नाही. बोंबलाचं डोकं काढून फक्त मऊ भाग वाढावा तसं. फादर बदलत गेले. कुणी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगे, कुणी उपास. मी ते सगळं करी आणि पुढच्या वर्षी तेच पाप त्याच शब्दांत घेऊन हजर.

या वर्षी जाळीपलीकडे नवे, तरुण फादर होते. मी माझं वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "भाऊ कुठे राहतो तुमचा?"

"शेजारीच, फादर."

"शेजारी?" फादर जाळीकडे सरकले. "मग चढ चढून इतक्या लांब कशाला आलात?"

मला हसू आलं, खरंच. गुडघ्यांवर असताना हसू येणं बरं नव्हे, पण आलं. त्यांनी प्रार्थना सांगितली नाही. "जाऊन या," एवढंच म्हणाले.

तरी मी गेलो नाही. मे महिन्यात पाहुणे होते, आंबे होते. जूनमध्ये पेरणी. मग लावणी, मग बेणणी, मग गावात ताप. प्रत्येक ऋतूने मला एक एक सबब दिली, जशी मागणाऱ्याला शेजारीण वाटीभर साखर देते. त्यात आईची आठवण अशी येई की वाटे, आता कुणासाठी? ती तर गेली. जणू सुरेखाच्या वाट्याचं दुःखही आईबरोबरच पुरलं होतं.

मग हा ऑक्टोबर आला, आणि आळीची मुख्य झाली ॲग्नेस. मूर्ती माझ्या घरी यायच्या आधी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. भाजीची टोपली बाजूला, पाय पसरून.

"पास्कल, मी तुझ्यासारखी उडी मारणार न्हाय. शेजारचं घर ते शेजारचं घर. तुझ्याकडून मूर्ती मिंगेलकडं जाईल, तिथून माझ्याकडं."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय बरं! मी सुरेखाला सांगायला गेले, तर ती म्हणते, ताई, फादरांची परवानगी न्हाय, दादांना विचारा. कुठल्या रे फादरांनी कधी न्हाय म्हटलं? मी या आळीत जन्मले, मी कसं न्हाय ऐकलं?"

ॲग्नेसने माझ्याकडे बघून सगळं वाचलं असावं. बाजारात बसणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाचं तोंड वाचावंच लागतं. ती ओरडली नाही. टोपली उचलता उचलता म्हणाली, "मी तिला सध्या एवढंच सांगितलंय की मूर्ती येणार. परवानगी मिळाली म्हणायचं, का परवानगी लागतच न्हवती म्हणायचं, ते तू सांग तिला. ते काय माझं काम न्हाय."

हे तिने मला दिलेलं सगळ्यात अवघड काम होतं, कारण त्यात पळवाट होती. "परवानगी मिळाली" म्हटलं की काम झालं असतं. मूर्ती त्या घरी गेली असती, सगळे आनंदले असते, नव्या फादरांचं कौतुक झालं असतं, आणि माझं खोटं तसंच राहिलं असतं. फक्त आता त्याला एक शेवटही मिळाला असता, गोड.

मूर्ती माझ्याकडे आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंपण ओलांडून गेलो. सुरेखा पडवीत सुकट निवडत बसली होती. मला पाहून उठली. "या दादा. चहा टाकते."

"चहा नको."

"चहा नको म्हणजे काहीतरी मोठं काम दिसतंय," ती हसली आणि चहा टाकायला गेलीच.

कप हातात आल्यावर मी म्हणालो, "सुरेखा, मागचं काही मनात ठेवू नकोस."

"मागचं काय?"

"ते… मूर्तीचं."

"अवो, त्यात तुमचा काय दोष? फादरांनी न्हाय म्हटलं, तर तुम्ही काय करणार? तुमचं पण तोंड उतरलं होतं त्या दिवशी, हे सांगत होते मला." ती सुपातला कचरा वेचत होती, मान खाली घालून. "आता परवानगी मिळाली ना?"

मिंगेलने माझी लाज राखली होती. इतकी वर्षं, स्वतःच्या बायकोपुढे. मी कप खाली ठेवला.

"मिळाली," मी म्हणालो.

"बरं झालं. आईंना बघायला मिळायला हवं होतं." तिने डोळ्याला पदर लावला आणि लगेच पोरीला हाक मारली, "रिया, चण्यांत मीठ बघ गं, मला चव लागत न्हाय आज!" आतून पोरीचा आवाज आला, "आई, तू सकाळपासून चारदा चाखलेत, म्हणून लागत नाही!" जी तेव्हा कडेवर होती ती आज अलिबागला कॉलेजात जाते. ती बाहेर येऊन माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, आज आपलं घर." घर "आपलं" आणि ते मलाही धरून.

मी घरी परत आलो आणि लुसीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिने ऐकून घेतलं, आणि विचारलं, "आणि आज पुन्हा तिला मिळाली म्हणून सांगितलंस?"

"हो."

"मग आता संध्याकाळ व्हायची वाट बघ," ती म्हणाली आणि मेणबत्त्या लावायला गेली. तिने मला झिडकारलं नाही, सावरलंही नाही. ती संध्याकाळ माझी मला पार करायची होती.

दिवेलागणीला लोक जमले. माळ सुरू झाली. एका बाजूने अर्धी प्रार्थना, दुसऱ्या बाजूने उरलेली, लाटा येऊन परत जाव्यात तशी. मी मणी ओढत होतो आणि एकच हिशेब करत होतो: वगळलं ते सगळ्यांसमोर होतं. मग चुकीची कबुली पडवीत, चहाच्या कपाआड कशी चालेल? गीत संपलं. ॲग्नेस दाराशी उभी राहिली. "उचल, पास्कल."

मी पेटी उचलली. पाऊस नव्हता. मागे आळी गात होती. मिंगेलच्या फाटकातून आत गेलो, पायऱ्या चढलो. उंबऱ्यापलीकडे मिंगेल आणि सुरेखा उभे होते, मागे रिया. मिंगेलने हात पुढे केले. मी पेटी दिली नाही, तशी गाणं म्हणणारी माणसं एकेक करून थांबली. सुरेखाने घाबरून माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, पुन्हा काही अडलं.

"सुरेखा," मी म्हणालो, आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो, "सुरेखा, दुपारी मी परवानगी मिळाली म्हणालो ते खोटं आहे. परवानगी कधी लागतच नव्हती. कुठल्याच फादरांनी तुला नको म्हटलं नव्हतं. मी म्हटलं. मिंगेलला मी खोटं सांगितलं आणि फादरांनाही. तू दिवा घेऊन उभी होतीस ते मला दिसत होतं, तरी मी पुढे गेलो. आईच्या मिस्सेला तुम्ही दोघं पावसात उभी राहिलात, ती माझ्यामुळे. तेही मला दिसलं होतं. माझं चुकलं, मिंगेल. माझं चुकलं, सुरेखा. मला क्षमा करा. आणि आज ते तुम्हाला जमणार नसेल, तरी मूर्ती आत घ्या. ती अडवायचा हक्क मला तेव्हाही नव्हता."